न्हाणीमागचं अळू

पुण्यात बसून मीठ विकत आणायचं, ते पाण्यात कालवून समुद्र करायचा, आणि मग त्या समुद्राला शेवाळ आलं म्हणून रात्री दोन वाजता डोक्याला हात लावून बसायचं. माझ्या छंदाचं याहून नेमकं वर्णन मला अजून सुचलेलं नाही. हेही माझं नाही, बाबांचं आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते गुहागरहून कोथरूडला आले, महिनाभर राहतो म्हणाले आणि राहिले ते राहिलेच. ज्या माणसाला उभा जन्म मागच्या दारातून समुद्र दिसला, त्याच्यासमोर मी दिवाणखान्यात चार फुटी काचेचा समुद्र मांडला होता. पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून टाकीत पाहिलं आणि विचारलं, "मिठाचे किती दिलेस?" मी आकडा सांगितला. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

टाकी दोनशे लिटरची. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्यांदा भरताना सात किलो. हे मीठ स्वयंपाकातलं नव्हे, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे समुद्रात असतं ते सगळं मोजून घातलेलं असतं, म्हणूनच तो आकडा बाबांना पचला नाही. आत दोन क्लाउनफिश, वाळू उपसणारा एक गोबी मासा, आणि दुसऱ्या हौशी लोकांनी आपापल्या टाक्यांत वाढवून तोडून दिलेली थोडी मऊ प्रवाळं: मशरूम, झोॲन्थिड, एक लेदर. दगडी सांगाडा बांधणारी प्रवाळं मी ठेवत नाही. ती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला, आणि ते योग्यच आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे. तिथली प्रवाळं तिथेच बरी.

याच कारणाने माझ्या टाकीत समुद्रातून काढलेला जिवंत खडक नव्हता. जिवंत खडक म्हणजे भोकाभोकांत जिवाणू, किडे, गुलाबी खरबरीत कोरलाइन शेवाळ असं सगळं बिऱ्हाड घेऊन येणारा दगड. माझा होता कोरडा, पांढराफटक, हाडासारखा. नळाखाली धुतला आणि रचला. पुढच्या भानगडीचं एक मूळ त्या दगडात होतं, पण ते कळायला आठ महिने गेले.

नव्या टाकीत रंगांची एक ठरलेली मिरवणूक निघते. आधी तपकिरी पावडर धरते, वाळूवर कोको सांडल्यासारखी. ते डायाटम, पाण्यातल्या सिलिकावर जगणारे, सिलिका संपली की आपोआप जातात. मग काचेवर हिरवी धूळ. या काळात टाकी अगदी ध्यान दिसते आणि जुने जाणते सांगतात, काही करू नका, थांबा. मी थांबलो. तिसऱ्या महिन्यात दगडाच्या एका कोपऱ्यावर हिरव्या केसांचा एक पुंजका दिसला. खरं सांगतो, मला तो आवडला. पंपाच्या झोतात तो असा झुलायचा की लेकीने त्याचं नाव 'झिपरी' ठेवलं. सहा आठवड्यांत झिपरीने सगळा दगड झाकला. झोॲन्थिड मिटले ते मिटूनच राहिले. केस बोटभर लांब, आणि मुळाशी धरून ओढले की दगडाचा चुरा सोबत येई इतके घट्ट. त्या केसांत माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, वाळूचे कण, सगळं अडकून राहायचं. लांबून पाहिलं तर तळ्याकाठी धुणं वाळत घालून कोणी विसरून गेलंय असं दृश्य.

मी पाण्याची तपासणी केली. फॉस्फेट शून्य. नायट्रेट जवळपास शून्य. बाटलीतल्या पाण्याला निळ्याची छटासुद्धा येईना. दोन वेगळ्या किट आणल्या, दोन्हींचं उत्तर तेच. म्हणजे शेवाळाला खायला काही नाही, आणि शेवाळ तर गणपतीतल्या दूर्वांसारखं माजलेलं! एका दुकानदाराने बाटली दिली, "चार थेंब टाका साहेब, पाच दिवसांत साफ." पाच दिवसांत खरोखर साफ झालं. सातव्या दिवशी ते सगळं मेलेलं शेवाळ कुजलं, पाण्याला वास मारायला लागला, आणि वाळूवर लालसर जांभळी, बुळबुळीत चादर पसरली, वर बुडबुडे धरून. ही चादर तर शेवाळही नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू. दोनशे चाळीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू यायला लागला तो यांच्या पूर्वजांच्या कृपेने, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण तो आदर दिवाणखान्यात ठेवायला जागा नव्हती. तीन आठवड्यांत झिपरी परत आली. आधीपेक्षा दाट.

मग तीन दिवस टाकी काळ्या कापडाने झाकून ठेवली. बायकोने विचारलं, "कोणाचं सुतक पाळतोय आपण?"

गाडं कुठे अडलं होतं ते एका संध्याकाळी बाबांनी उगाचच बोलता बोलता दाखवलं. मी त्यांना किटचा निकाल समजावत होतो, की बघा, पाण्यात अन्न शून्य आहे. ते म्हणाले, "आपल्या घरी तांदळाचा डबा रिकामा दिसला, तर घरात माणसं उपाशी आहेत असं म्हणशील, की जेवून गेली असं म्हणशील?" हसलो आणि सोडून दिलं. रात्री उशिरा मात्र ते वाक्य परत आलं. किट मोजते ते पाण्यात *उरलेलं* फॉस्फेट. शेवाळ ते पाण्यात येता येता उचलत होतं. पाणी स्वच्छ होतं कारण शेवाळ होतं. मी ज्याला रोग समजून औषध घालत होतो, ते टाकीतलं एकमेव नीट चालणारं गाळण यंत्र होतं, आणि ते मारलं की त्याच्या पोटातलं सगळं फॉस्फेट पाण्यात परत, पुढच्या पिढीच्या पानात.

मग प्रश्न बदलला. शेवाळ कसं मारू हे बाजूला राहिलं, आणि एवढं खाणं येतंय कुठून याचा शोध सुरू झाला. हा शोध फार लाजिरवाणा होता.

पहिली वाट स्वयंपाकघरातून. मी टाकीला पाणी घालत होतो ते घरच्या आरओ प्युरिफायरचं, आरओ म्हणजे शुद्ध या भोळ्या समजुतीने. पिण्याच्या बहुतेक प्युरिफायरमध्ये चवीसाठी थोडं कमी गाळलेलं पाणी परत मिसळायची सोय असते. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, बुडवला तर आकडा ६८. समुद्री टाकीत घालायच्या पाण्याचा तो शून्य असायला हवा. उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर पाण्याची वाफ होते आणि ते भरून काढायला मी दोन-तीन लिटर ओतत होतो. वाफ शुद्ध पाण्याची जाते आणि बाकीचं सगळं मागे राहतं, महिनोन्महिने. वेगळी आरओ-डीआय, म्हणजे उरलेसुरले क्षारही काढणारी गाळणी लावली, तिच्या शेवटच्या नळकांड्यातल्या रेझिनने रंग बदलला की ती रेझिन बदलायची, बस.

दुसरी वाट माझ्या हातातून. मासे भुकेले दिसतात. मासे नेहमीच भुकेले दिसतात, तो त्यांचा धंदा आहे. मी सकाळी एक गोठवलेली कोळंबीची वडी टाकायचो, संध्याकाळी एक, आणि लेक शाळेतून आली की प्रेमाने चिमूटभर. शिवाय वडी विरघळताना निघणारं ते पांढरट पाणी तसंच ओतत होतो. आता वडी आधी गाळणीत धुतो. ही गाळणी चहाची होती, हे कळल्यावर घरात जे झालं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. आता टाकीला स्वतंत्र गाळणी आहे आणि तिला लाल दोरा बांधलेला आहे.

तिसरी वाट तो हाडासारखा दगड. असले दगड चुनखडीचे, आणि चुनखडी फॉस्फेट धरून ठेवते, स्पंजासारखं. माझा दगड कधीकाळी समुद्रात होता, त्यावरचे जीव वाळून तिथेच मेलेले. पाण्यात फॉस्फेट कमी झालं की दगड आपल्या पोटातून थोडं सोडतो. म्हणजे पाणी बदलून मी आकडा खाली आणायचो आणि दगड तो हळूच परत भरायचा. यावर इलाज एकच: सोडत राहू दे, आणि कोणीतरी ते उचलून टाकीबाहेर नेत राहू दे. महिने लागतील. मला ही गोष्ट मनापासून पटवून घ्यायला जड गेली. आपल्याला रविवारी दुपारी उरकणारी कामं आवडतात.

तेव्हा मी खुर्ची ओढली, बाह्या वर केल्या आणि उपटायला बसलो. एका हातात सायफनची नळी, दुसऱ्या हातात जुना टूथब्रश. नळीचं तोंड केसांच्या मुळाशी धरायचं आणि ब्रशने खरवडायचं, म्हणजे तुटलेला धागा पाण्यात पसरण्याआधी नळीत जातो. खाली बादली, बादलीवर जुनं पंचाचं कापड बांधलेलं, गाळून पाणी परत वर. पहिल्या बैठकीत ओल्या शेवाळाचा नारळाएवढा गोळा निघाला. तो हातात घेतल्यावर पहिल्यांदा नीट पाहिला. वास खाडीचा, ओहोटीच्या वेळचा. आत तांदळाच्या कणीएवढे पांढरे जीव उड्या मारत होते, डझनांनी. माझ्या मेलेल्या दगडावर कोणी राहत नाही असं मी समजत होतो, आणि सगळी वस्ती या झिपरीच्या आडोशाला होती. चिमट्याने जमतील तेवढे परत टाकीत सोडले. कोण हसलं त्याचं नाव सांगत नाही.

उपटलेल्या जागी परत उगवू नये म्हणून चरणारं कोणीतरी हवं. सगळे सांगतात म्हणून मी टर्बो जातीच्या आठ मोठ्या गोगलगाई आणल्या. काय कामाच्या! लिंबाएवढा शंख, आणि रात्रीत टाळूएवढी जागा चकोट. धक्का लागून प्रवाळं उलटी पडत, पण तेवढं चालायचं. एप्रिल बरा गेला. मे महिन्यात एक दिवस दुपारी वीज गेली, इन्व्हर्टरने पंप चालवले पण पाणी थंड ठेवणारा चिलर त्याच्या आवाक्यातला नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत पाणी ३१ अंशांवर. मासे जगले. आठच्या आठ टर्बो दोन दिवसांत गेल्या. त्या मूळच्या मेक्सिकोच्या थंड पाण्यातल्या, पुण्याच्या मे महिन्याशी त्यांचा करार कधीच झाला नव्हता, हे मी विकत घेण्याआधी वाचायला हवं होतं. पंधरा दिवसांत झिपरी हजर.

याच गोष्टीची प्रचंड आवृत्ती कॅरिबियन समुद्रात घडून गेलीय. जमैकाच्या प्रवाळांवरचे शेवाळ खाणारे मासे लोकांनी वर्षानुवर्षं पकडून संपवत आणले होते. तरी काही बिघडलं नाही, कारण डायाडेमा नावाचं लांब काळ्या काट्यांचं सी अर्चिन, साळिंदराच्या चेंडूसारखा समुद्री जीव, एकटं सगळं रान चरत होतं. १९८० साली ॲलन नावाच्या चक्रीवादळाने खडक झोडपले, तरी प्रवाळं पुन्हा धरू लागली. मग १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ या अर्चिनमध्ये रोग शिरला आणि साधारण वर्षभरात सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरला. बहुतेक ठिकाणी शंभरातली नव्वदहून जास्त मेली. टेरी ह्यूज या शास्त्रज्ञाने १९९४ साली जमैकाचे आकडे मांडले: सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून जास्त तळ प्रवाळांनी झाकलेला होता, तो नव्वदच्या दशकात ५ टक्क्यांखाली आला, आणि शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ वर गेलं. पाणी एका वर्षात घाण झालं नव्हतं. चरणारा एकच उरला होता, आणि तो गेला. मी हे वाचलं तेव्हा माझ्या बाल्कनीत आठ रिकामे शंख धुऊन उन्हात ठेवलेले होते.

त्यानंतर मी एका जातीवर भिस्त ठेवली नाही. ट्रोकस गोगलगाई आणल्या, उलट्या पडल्या तरी स्वतः सरळ होणाऱ्या, हा गुण टाकीत सोन्याच्या मोलाचा. वाळू ढवळायला नॅसेरियस, ज्या दिवसभर गाडून बसतात आणि खाण्याचा वास आला की मयत उठल्यासारख्या वर येतात. एक छोटं टक्सीडो अर्चिन, निळ्या पट्ट्यांचं, ज्याला पाठीवर शंख, खडे, मिळेल ते घेऊन मिरवायची हौस आहे. एकदा ते माझा तुटलेला झोॲन्थिड टोपीसारखा घालून तीन दिवस फिरत होतं. एमराल्ड खेकडा, बबल अल्गी नावाचं शेवाळ खायला. ही बबल अल्गी, वॅलोनिया, पाचूच्या मण्यांसारखी दिसते आणि तो टपोरा मणी म्हणजे एकच पेशी असते, डोळ्यांनी दिसणारी, चिमटीत धरता येणारी. शाळेत कांद्याच्या सालीवर आयोडीन टाकून सूक्ष्मदर्शकात डोळे फोडले त्याऐवजी एक वॅलोनिया हातात दिली असती तर जीवशास्त्रात माझे गुण वेगळे असते.

आणि एक ब्लेनी मासा. सलारियास जातीचा, लॉनमोअर ब्लेनी म्हणतात तो. बोटाएवढा, मातकट, ठिपक्याठिपक्यांचा, कपाळावर दोन तुरे, आणि चेहरा निवृत्त हेडमास्तरांचा. तो पोहतच नाही फारसा, दगडावर कोपर टेकून बसतो आणि डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत सोसायटीवर नजर ठेवतो. बाबांची आणि त्याची पहिल्या दिवसापासून मैत्री.

चरणाऱ्यांमुळे झिपरी आटोक्यात आली, पण हिशेब पूर्ण होत नव्हता. गोगलगाय शेवाळ खाते आणि त्यातलं बरंच विष्ठेतून टाकीतच परत देते. टाकीबाहेर काही जात नाही. बाहेर जाईल अशी वाट हवी होती, आणि ती टाकीखालच्या कपाटात होती. वरचं पाणी ओघळून खाली एका दुसऱ्या टाकीत येतं, तिथे गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं. या खालच्या टाकीला आमच्या भाषेत संप म्हणतात. मी बाबांना म्हटलं, "आता संपात काहीतरी करायला हवं." ते म्हणाले, "आधी मागण्या काय आहेत ते विचार."

करायचं होतं ते असं. संपाच्या एका कप्प्यात मुद्दाम शेवाळ वाढवायचं. आपल्या आवडीचं, आपल्या जागी, स्वतंत्र दिव्याखाली, जिथे कोणी चरायला येत नाही. ते वाढताना पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेतं, आणि आपण दर पंधरवड्याला मूठभर काढून टाकतो. झिपरीच्या तोंडचा घास झिपरीच्या भावकीने पळवायचा. मी हे बाबांना कागदावर आकृती काढून समजावलं, बाण वगैरे दाखवून. त्यांनी कागद परत दिला. "म्हणजे न्हाणीमागचं अळू."

कोकणातलं जुनं घर पाहिलेल्याला पुढचं सांगायला नको. न्हाणीघराचं सांडपाणी भिंतीतल्या भोकातून मागे सुटतं, आणि जिथे सुटतं तिथे अळू लावलेलं असतं, पलीकडे दोन केळी. साबणाचं, राखेचं, भांडी विसळल्याचं सगळं पाणी ते पितात. अळवाची पानं सुपाएवढी होतात. ते अळू नसतं तर तिथे चिखल, डास आणि घसरडं झालं असतं; आजीच्या आजारपणात एका वर्षी कोणी अळू लावलं नाही, तेव्हा झालंही होतं तसंच, आणि पाऊस संपल्यावरही मागचं अंगण हिरवं बुळबुळीत राहिलं होतं. मी तेव्हा सहावीत असेन. तिथे घसरून पडलेला मीच. चाळीस वर्षांनी मी त्याच गोष्टीसाठी परदेशी शब्द शिकलो, 'रेफ्युजियम'.

हे शहाणपण समुद्री टाक्यांच्या जगातही नवं नाही. जकार्ताच्या ली चिन एंग नावाच्या गृहस्थांनी १९६१ मध्येच लिहून ठेवलं होतं की गाळण्या-बिळण्या नकोत, जिवंत खडक घाला, हवेचे बुडबुडे सोडा, ऊन येऊ द्या, बाकीचं ते ते जीव बघून घेतील. अर्थात त्यांच्या दारात समुद्र होता. पुढे वॉल्टर अ‍ॅडी या शास्त्रज्ञाने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात प्रवाळांची मोठी टाकी उभी केली, तिचं पाणी शेवाळानेच शुद्ध व्हायचं. जाळीवर शेवाळाची हिरवळ, तिच्यावरून पाणी लाटांसारखं सोडायचं, वर प्रखर दिवा, आणि ठरावीक दिवसांनी जाळी खरवडायची. हीच युक्ती नंतर शेतांतून येणारं खतमिश्रित पाणी शुद्ध करायलाही वापरली गेली.

आम्ही लावलं कीटोमॉर्फा. दुकानात 'चेटो' म्हणतात. ते मिळालं मुंबईच्या एका हौशी बाईंकडून, श्रीखंडाच्या डब्यात, डेक्कन क्वीनने. डबा उघडला तर आत मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा कोणीतरी रागाने केलेला गुंता, फक्त पोपटी. ते कशाला चिकटत नाही, मुळं धरत नाही, नुसतं पाण्यात लोळत वाढतं, म्हणून काढायला सोपं. कॉलर्पा दिसायला जास्त देखणं, पण त्याला कधीकधी एका रात्रीत बीज सोडून विरघळायची लहर येते आणि सकाळी टाकी ताकासारखी दिसते, म्हणून ते टाळलं. खालचा दिवा मी रात्री लावतो, वरचे बंद झाले की. रात्री वर प्रकाशसंश्लेषण थांबतं, सगळे नुसते श्वास घेतात, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. आमच्याकडे दुपारी ८.३ असायचा तो पहाटे ७.८ व्हायचा. खाली चेटो जागं असलं की ही घसरण कमी होते. कपाटाच्या फटीतून रात्रभर गुलाबी उजेड बाहेर येतो. एकदा रात्री पाणी प्यायला उठलेल्या पाहुण्यांनी सकाळी फार सांभाळून विचारलं, की कपाटात देवघर आहे का.

पहिला महिना काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात गुंता दुप्पट. मी पहिली मूठ काढली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली (काट्याखाली वर्तमानपत्र घालून, मी शिकतो), १४० ग्रॅम. बाबांनी ती तीन पाण्यांतून धुतली, मीठ निघेपर्यंत, आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. वर झिपरीचे केस आखूड होत गेले, पोपटीचे फिके झाले, आणि मग एका सकाळी मागच्या पंपावर बोटाच्या नखाएवढा गुलाबी डाग दिसला. कोरलाइन! चुन्याचं आपलं कवच बांधणारं शेवाळ. ते जिथे बसतं तिथे झिपरीला जागा नाही. एका शेवाळासाठी वर्षभर रडणारा मी दुसरं शेवाळ आलं म्हणून ऑफिसला उशिरा गेलो.

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण मला आणखी स्वच्छ हवं होतं. दिव्याचे तास वाढवले, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य, आणि या वेळी खरोखरचं शून्य. प्रवाळं फिकट पडली, चेटो पांढुरकं होऊन तुटायला लागलं, आणि वाळूवर आलं ते काहीतरी नवंच: तपकिरी, शेंबडासारखं लोंबणारं, प्रत्येक लोंबीच्या टोकाला बुडबुडा. रात्री गायब, दिवे लागले की दुपारपर्यंत परत. डायनोफ्लॅजेलेट, एकाच पेशीचे सूक्ष्म जीव. सगळ्यांना उपाशी ठेवलं की स्पर्धा संपते आणि हे मोकळ्या मैदानात उतरतात. दोन ट्रोकस त्यात मेल्या. गंमत अशी की प्रवाळांच्या अंगात राहून त्यांना साखर बनवून देणारं, ज्याच्यावाचून उथळ पाण्यातली बहुतेक प्रवाळं जगत नाहीत ते शेवाळ याच डायनोंच्या कुळातलं. इलाज? पुन्हा खायला घालणं. मी जाहीरपणे माशांचं खाणं वाढवलं, खालच्या दिव्याचे तास कमी केले, नायट्रेट लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ मिलिग्रॅमवर येऊ दिलं. महिना-सव्वा महिन्यात तपकिरी लोंब्या गेल्या. लेकीला मात्र आता चिमूटभर टाकायची अधिकृत परवानगी आहे, याचं श्रेय ती डायनोंना देते.

गेल्या डिसेंबरात बाबांना घेऊन गुहागरला गेलो, घर उघडून झाडायला. ओहोटीला त्यांना काठी देऊन खडकांपर्यंत नेलं. थंडीत तिकडचे खडक हिरवे असतात, घसरडे. लहानपणी आई ओरडायची ते याच खडकांवरून. मी या वेळी वाकून पाहिलं. एका फूटभर डबक्यात हिरवी पानं, तपकिरी झुबके, खडकावर गुलाबी पापुद्रे, आणि मधून मधून अगदी उघडे, मखमलीसारखे तासलेले गोल. प्रत्येक गोलाच्या कडेला एखादी काळी गोगलगाय चिकटलेली. मी फोटो काढत होतो. बाबा मागून म्हणाले, "तुझ्यापेक्षा घाण ठेवलाय रे यांनी टँक."

परत आल्यावर मी मागची काच घासणं बंद केलं. समोरची आणि बाजूची पुसतो, मागची ब्लेनीची. तिच्यावर आता हिरवा पातळ थर धरतो आणि तो रोज सकाळी तिथे न्याहारी करतो. तोंड काचेला टेकवून खरवडलं की मागे दोन ओठांचा ठसा उरतो, छोटासा, स्वच्छ. सगळी काच अशा ठशांनी भरलेली असते, आणि संध्याकाळी मागून दिवा पडला की ते सगळे उजळतात. बाबा खुर्ची ओढून समोर बसतात. काल मोजत होते. एकशे बारापर्यंत गेले आणि मध्येच ब्लेनीने आणखी दोन केले.